दीर्घ चित्रणासाठीं लहान कॅमेरा



नातवाच्या मुंजीचें, उत्सवांतील कीर्तनाचें किंवा घरच्या वडील माणसाच्या तोंडच्या जुन्या हकीकतींचें चलचित्र आपल्या संग्रहीं असावें, असें आज पुष्कळ कुटुंबांस वाटतें. त्यासाठीं खिशांत मावेल असा एकादा डिजिटल कॅमेरा घ्यावा म्हणून मंडळी दुकानांत जातात, आणि तेथें बहुधा एकच प्रश्न विचारतात : ‘‘यांत मेगापिक्सेल किती?’’ ज्यास दीर्घ चित्रण करावयाचें आहे त्याच्या दृष्टीनें हा प्रश्न जवळजवळ निरर्थक आहे. फुल एचडी म्हणतात त्या दर्जाच्या चलचित्रांतील एकेक चित्र १९२० गुणिले १०८० म्हणजे सुमारें २० लाख बिंदूंचें असतें. ज्या फोर-केचा एवढा गाजावाजा चालतो त्यांतही सुमारें ८३ लाखच बिंदू असतात. तेव्हां २ कोटी बिंदूंची फुशारकी या कामीं फारशी उपयोगी नाहीं. विचारावयाचें तें निराळेंच. हें यंत्र न थांबतां किती वेळ चालतें, आणि थांबलें तर कशामुळें थांबतें?

हा प्रश्न मी इतका महत्त्वाचा कां मानतों, तें जुन्या ग्रामोफोनच्या उदाहरणावरून सांगतों. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपे. बैठकींत तासभर रंगणारा ख्याल गवयांना तेवढ्या वेळांत आटोपावा लागे. खाँसाहेब अब्दुल करीमखाँ यांच्यासारख्या थोर गायकाच्या ज्या तबकड्या आज आपण भक्तिभावानें ऐकतों, त्याही या बंधनांत सांपडलेल्याच. त्या काळीं दुसरा इलाज नव्हता. आज तो आहे. आणि तरीही केवळ भलतें यंत्र विकत घेतल्यामुळें कीर्तनाचा उत्तररंग हरवावा, ही गोष्ट मनास लागते. आमच्याच आळींत हें घडलें. एका तरुणानें वृद्ध कीर्तनकारबुवांचें आख्यान टिपण्यासाठीं नवा कोरा कॅमेरा तिपाईवर लावला, कळ दाबली आणि तो श्रोत्यांत जाऊन बसला. बुवांनीं सव्वा तास आख्यान लावलें. घरीं येऊन पाहतात तों चित्रण बरोबर २९ मिनिटें ५९ सेकंदांचें! यंत्र बिघडलें नव्हतें. तें त्याच्या घडणीप्रमाणेंच वागलें होतें.

ही एक सेकंद कमी अर्ध्या तासाची मर्यादा कोठून आली? तिचें मूळ विज्ञानांत नसून जकातींत आहे, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. युरोपीय संघाच्या आयात मालाच्या वर्गवारींत स्थिरचित्रांचा डिजिटल कॅमेरा निराळा आणि चलचित्रांचा निराळा धरीत. पहिल्यावर कर नव्हता. दुसऱ्यावर सुमारें ५ टक्के होता. मग दोन्ही कामें करणारें यंत्र कोणत्या रकान्यांत घालावयाचें? तेव्हां अशी सीमा आंखली गेली कीं, ८०० गुणिले ६०० बिंदू किंवा त्याहून सरस दर्जाचें, सेकंदास निदान २३ चित्रांच्या वेगाचें चलचित्र जें यंत्र सलग ३० मिनिटें घेऊं शकेल, तें चलचित्रांचें यंत्र समजावें. कारखानदार हुशार, त्यांनीं यंत्र एक सेकंद अलीकडेच थांबविलें आणि कर वांचविला. कांहींनीं ही मर्यादा युरोपांत जाणाऱ्या मालापुरतीच ठेवली, तर पुष्कळांनीं ती सर्व देशांत लावली. पुढें २०१५ सालीं जागतिक व्यापार संघटनेंतील अनेक राष्ट्रांनीं अशा मालावरील कर टप्प्याटप्प्यानें उठविण्याचें ठरविलें, आणि २०१९ सालापर्यंत या बंधनाचें प्रयोजनच संपलें. त्यामुळें त्यानंतर निघालेल्या कित्येक कॅमेऱ्यांत तें नाहीं. परंतु जुना किंवा दुसऱ्याच्या हातचा कॅमेरा घेणारानें हें अवश्य पाहावें; माहितीपुस्तकाच्या शेवटच्या पानांत ‘सलग चित्रणाचा कमाल काळ’ बारीक अक्षरांत दिलेला असतो.

जकात गेली, तरी उष्णता जात नाहीं; आणि लहान कॅमेऱ्याचा खरा वैरी तीच आहे. भिंगामागें प्रकाश टिपणारी जी चकती असते तिला सेन्सर म्हणतात. स्थिरचित्र घेतांना ती क्षणभरच राबते. चलचित्रांत मात्र तिच्यावरील लाखों बिंदू सेकंदास २५ किंवा ५० वेळां वाचावे लागतात, आणि त्या साऱ्या माहितीची घडी घालून ती सांठविण्याचें काम शेजारची चिप अखंड करीत असते. यांतून उष्णता निर्माण होते. मोठ्या यंत्रांत ती पसरावयास जागा असते. खिशांतल्या डबीला ना पंखा, ना खिडकी. ठराविक तपमान झालें कीं यंत्र स्वतःच्या रक्षणासाठीं बंद पडतें. म्हणूनच २०१५ सालच्या सोनी आर-एक्स-१०० मार्क ४ या उत्तम कॅमेऱ्यांत फोर-के चित्रण एका वेळीं सुमारें ५ मिनिटेंच होई, आणि २०१९ सालच्या कॅनन पॉवरशॉट जी-७ एक्स मार्क ३ मध्यें फोर-केला सुमारें १० मिनिटांची व फुल एचडीला पुन्हा त्याच २९ मिनिटें ५९ सेकंदांची सीमा आहे. दोन्ही यंत्रें चित्राच्या दृष्टीनें नामांकित. पण कीर्तनाला निरुपयोगी. २०२० सालच्या सोनी झेडव्ही-१ मध्यें कालमर्यादा नाहीं, आणि किती तापल्यावर बंद पडावें ती पातळीही वाढवितां येते; मात्र पातळी वाढविल्यास यंत्र हातांत न धरतां तिपाईवर ठेवावें, असें कारखानदारच बजावतो. यावरून तें किती तापत असेल याची कल्पना करावी. कॅननच्या २०२५ सालच्या पॉवरशॉट व्ही-१ मध्यें तर चक्क एक लहानसा पंखाच बसविला आहे. दीर्घ चित्रणाची अडचण कारखानदारांनींही ओळखली, याची ही कबुलीच म्हणावयाची.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. माहितीपुस्तकांतील आंकडे बहुधा २५ अंश सेल्सिअसच्या आसपासचें तपमान धरून दिलेले असतात. वैशाखांत नागपुरास मांडवाखालीं ४० अंशांवर पारा असतांना त्या आंकड्यांवर विसंबून राहणें शहाणपणाचें नव्हे. म्हणून माझें स्पष्ट मत असें कीं, तासाहून अधिक वेळाच्या चित्रणांत फोर-केचा मोह सोडावा. फुल एचडीमध्यें यंत्राला कष्ट कमी, उष्णता कमी, जागाही कमी लागते. आणि बैठकीच्या खोलींतील दूरचित्रवाणीवर आजोबांचा चेहरा ओळखावयास तेवढें स्पष्ट चित्र पुरून उरतें.

आतां जागेचा हिशेब. तो शाळेंत शिकविलेल्या त्रैराशिकापलीकडचा नाहीं, तरी दुकानांत कोणी करीत नाहीं म्हणून येथें करतों. फुल एचडी चित्रणास सेकंदाला ५० मेगाबिट जागा लागते असें धरूं. ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणजे सेकंदास सव्वासहा मेगाबाइट, आणि तासास साडेबावीस गिगाबाइट. ६४ गिगाबाइटच्या कार्डावर सुमारें २ तास ५० मिनिटें मावतील. फोर-केला सेकंदास १०० मेगाबिट लागले, तर त्याच कार्डावर तें १ तास २५ मिनिटेंच मावेल. ३२ गिगाबाइटपर्यंतच्या कार्डांत आणखी एक अडचण असते. त्यांची मांडणी ज्या जुन्या पद्धतीची आहे तींत एका फाइलीचा आकार ४,२९,४९,६७,२९५ बाइटांपलीकडे जाऊं शकत नाहीं. वरच्या वेगानें ती साडेअकरा मिनिटांत भरते. चांगला कॅमेरा तत्क्षणीं दुसरी फाइल उघडतो व चित्रण अखंड चालतें. साधा कॅमेरा तेथेंच थांबतो. याकरितां ६४ गिगाबाइटचें किंवा मोठें कार्ड घ्यावें आणि त्यावर ‘व्ही ३०’ अशी खूण आहे कीं नाहीं तें पाहावें. ती खूण सेकंदास निदान ३० मेगाबाइट लिहिण्याची हमी असते. बाजारांत नकली कार्डें फार झालीं आहेत. येथें चार पैसे वांचविण्यांत अर्थ नाहीं.

बॅटरीविषयीं तर फसगत ठरलेलीच. झेडव्ही-१ ची बॅटरी १२४० मिलिअँपिअर-तासांची असते; आजच्या साध्या मोबाइलमध्येंही ५००० ची आढळते. एवढ्याशा शिदोरीवर तासभराचें आख्यान पुरें होईल अशी खात्री देतां येत नाहीं. म्हणून दुकानदारास विचारावें : ‘‘चित्रण चालू असतां हा कॅमेरा बाहेरून वीज घेतो, कीं केवळ बंद असतांना बॅटरी भरून घेतो?’’ हे दोन प्रकार निराळे, आणि विक्रेते ते एकच असल्यासारखें बोलतात. चालू असतां वीज घेणारा असेल, तर मोबाइलची पॉवर बँक दोरीनें तिपाईला बांधली कीं काम झालें. तसा नसेल, तर बॅटरी बदलावयाची. पण पुष्कळ लहान कॅमेऱ्यांचें बॅटरीचें झांकण तळाला, तिपाईच्या स्क्रूला लागूनच असतें, आणि सारें सोडविल्याखेरीज तें उघडत नाहीं. अशा वेळीं आपल्या कीर्तनपरंपरेची सोय कामास येते. पूर्वरंग संपला कीं भजन होतें, बुवांना हार घालतात, बुक्का लावतात. तेवढ्या अवकाशांत बॅटरी व कार्ड दोन्ही बदलून घ्यावें. गवयाच्या बैठकींत मात्र असा मुहूर्त आयता मिळत नाहीं.

चित्र चांगलें आलें आणि शब्द ऐकूं आले नाहींत, तर कीर्तनाचें काय उरलें? कॅमेऱ्याच्या अंगचा माइक जवळच्या श्रोत्याचा खोकला टिपतो व दूरच्या बुवांचा अभंग पुसट करतो. बाहेरचा माइक जोडावयाचें छिद्र ज्यास नाहीं तो कॅमेरा या कामासाठीं घेऊंच नये, असें मी म्हणेन. भिंग पुढें-मागें करणाऱ्या मोटारीची घरघरही चित्रणांत उतरते. चौकट एकदां बसविली कीं तिला हात लावूं नये.

प्रकाशाबद्दल आपल्या देशापुरती एक सूचना. आपली वीज सेकंदास ५० आवर्तनांची आहे, त्यामुळें पुष्कळ दिवे सेकंदाला १०० वेळां लुकलुकतात. डोळ्यास तें कळत नाहीं, कॅमेऱ्यास कळतें, आणि चित्रावर काळसर पट्टे सरकूं लागतात. अमेरिकेंतील नातेवाइकांनीं पाठविलेल्या कॅमेऱ्यांत हा दोष विशेष दिसतो, कारण तेथील ६० आवर्तनांना जुळणाऱ्या ३० किंवा ६० चित्रांच्या वेगावर तो बसविलेला असतो. मेनूंत ‘पाल’ हा पर्याय निवडून वेग २५ किंवा ५० चित्रांचा आणि शटर एक-पन्नासांश सेकंदाचें ठेवलें कीं बहुधा पट्टे जातात.

सेन्सर मोठा असावा, एवढें येथें थोडक्यांत सांगतों. ज्यास ‘एक इंची’ म्हणतात तो प्रत्यक्षांत १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटरचा असतो. जुन्या काळच्या कॅमेऱ्यांतील कांचेच्या नळ्यांच्या मापावरून हें नांव पडलें, आणि दुकानदारांनीं आनंदानें तसेंच चालू ठेवलें! तरीही स्वस्त कॅमेऱ्यांतील सेन्सरच्या तो सुमारें चौपट क्षेत्राचा असतो, आणि समईच्या उजेडांत तो फरक दिसतो.

मोबाइल असतां हें सारें कशाला, असें कोणी म्हणेल. अर्ध्या तासाच्या कामाला मोबाइल पुरेल. मात्र विमानांत करतात तशी त्याची दूरध्वनी-सेवा बंद ठेवावी, नाहींतर उत्तररंगांत कोणा तरी व्याह्याचा फोन येईल. आणि ज्यास स्थिरचित्रांची गरजच नाहीं, दर आठवड्यास दोन-दोन तासांचीं व्याख्यानेंच टिपावयाचीं आहेत, त्यानें लहान कॅमेऱ्याच्या मागें न लागतां जुन्या धर्तीचा हँडीकॅम शोधावा. तो त्याच कामासाठीं घडविलेला असतो. प्रवासांत, समारंभांत, स्थिरचित्रांसाठीं आणि अधूनमधून लांब चित्रणासाठीं एकच यंत्र हवें असणाऱ्या कुटुंबानेंच लहान कॅमेरा घ्यावा.

घेण्यापूर्वीं एक परीक्षा मात्र करावी. दुपारच्या वेळीं, पंखा बंद ठेवून, कॅमेरा तिपाईवर लावावा, समोर सेकंदकांटा असलेलें घड्याळ ठेवावें आणि दीड तास चित्रण चालू ठेवावें. नंतर तें चित्रण पाहिलें कीं यंत्र कोठें थांबलें, दोन फाइलींच्या सांध्यावर किती सेकंद गळले, सारें घड्याळच सांगतें. दुकानदार एवढा वेळ द्यावयास तयार नसेल, तर निदान आठ दिवसांत माल परत घेण्याचें त्याच्याकडून पावतीवर लिहून घ्यावें, आणि ही परीक्षा त्याच दिवशीं घरीं करावी.