खानदेशातील अभयारण्ये : कोणासाठी आणि कशासाठी?

वन्य पशूंचे अभयारण्य म्हटले की आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांपुढे आफ्रिका उभी राहते. दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर राष्ट्रीय उद्यान 1926 साली स्थापन झाले. आपले जळगाव आणि धुळे हे दोन्ही जिल्हे एकत्र जोडले, तर जवळजवळ तेवढा त्या एका उद्यानाचा विस्तार होईल. हे ऐकून आपले यावल अभयारण्य कोणास खेळण्यासारखे वाटेल. त्याचे क्षेत्र पावणेदोनशे चौरस किलोमीटरांच्या आसपास आहे. त्यातून चैत्र-वैशाखात साग पाने टाकून उघडा झालेला असतो. मग सहजच प्रश्न निघतो की, ह्या ओसाड डोंगरात राखण्यासारखे आहे तरी काय? हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. त्याचे उत्तर देण्याचा आम्ही येथे प्रयत्न करणार आहोत.

प्रथम शब्दांचा अर्थ नीट समजून घेऊ. आपल्याकडे वन्यजीव संरक्षणाचा मुख्य कायदा 1972 चा. त्यात राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य असा भेद केला आहे. राष्ट्रीय उद्यानात गुरे चारण्यास बंदी असते व तेथील जमिनीवरील खाजगी हक्क संपुष्टात आणलेले असतात. अभयारण्यात शिकारीस बंदी असते, परंतु स्थानिक लोकांचे काही हक्क चालू ठेवता येतात. महाराष्ट्रातले पहिले राष्ट्रीय उद्यान ताडोबा, 1955 सालचे. खानदेशात राष्ट्रीय उद्यान एकही नाही. जी आहेत ती अभयारण्ये. म्हणजेच येथे माणूस आणि रान ह्यांनी एकमेकांशेजारी नांदावे, अशीच कायद्याची अपेक्षा आहे.

यावल अभयारण्य 1969 साली जाहीर झाले. सातपुड्याच्या कुशीत, मध्य प्रदेशाच्या सीमेला लागून ते पसरले आहे. बिबट्या, अस्वल, तरस, नीलगाय ही तेथील जनावरे. तडवी आणि पावरा ही तेथील माणसे. पश्चिमेस शिरपूर तालुक्यात अनेर धरणाचे अभयारण्य आहे, ते 1986 सालचे. दक्षिणेकडे चाळीसगावच्या बाजूस गौताळा-औट्रमघाट अभयारण्य आहे, तेही 1986 सालचेच. पाटणादेवीला जाणारे भाविक त्याच्याच रानातून जातात, पण आपण अभयारण्यात आलो आहोत हे किती जणांच्या लक्षात येते?

आता ह्या रानांचे मोल सांगणारी एक हकीकत ऐका. रानपिंगळा नावाचे एक लहानसे घुबड आहे. ह्यूम ह्या इंग्रज पक्षितज्ज्ञाने 1873 साली त्याचे प्रथम वर्णन केले. डेव्हिडसन ह्या मुलकी अधिकाऱ्याने पुढे खानदेशात त्याचे नमुने मिळवले. त्यांतला शेवटचा 1884 सालचा. त्यानंतर हा पक्षी कोणाच्याच दृष्टीस पडेना. 1914 साली गुजरातेत तो सापडल्याचा माइनर्ट्झहागन ह्यांचा दावा होता. पण तो नमुना डेव्हिडसनचाच, संग्रहालयातून चोरून नवी चिठ्ठी लावलेला, असे पुढे उघडकीस आले. ही लबाडी बाजूला सारून पामेला रासमुसेन आणि त्यांचे सहकारी जुन्या, खऱ्या नोंदींच्या जागी शोधास निघाले. नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, भर दिवसा हा पक्षी त्यांना दिसला! एकशेतेरा वर्षे जग ज्याला नामशेष समजत होते, तो आपल्याच सागाच्या रानात सरडे पकडीत बसला होता. पुढे यावलच्या रानातही त्याची नोंद झाली.

पण एखादा शेतकरी म्हणेल, "घुबड वाचले, माझे काय?" त्याचे उत्तर त्याच्या विहिरीत आहे. चोपडा, यावल, रावेर ह्या पट्ट्यात सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोटे आणि वाळू ह्यांचा जाड थर आहे. डोंगरावरून उतरणारे पाणी ह्या थरात मुरते आणि खालच्या केळीच्या बागांना पोसते. उतारावर झाडे, गवत, पालापाचोळा असेल तर पावसाचा वेग मोडतो व पाण्याला मुरायला अवधी मिळतो. उतार बोडका झाला की तेच पाणी माती घेऊन धावत तापीत जाते. विहिरी खोल खोल जात असल्याची तक्रार ह्या पट्ट्यात जुनी आहे. उपसा वाढला हे तिचे एक कारण. पण उपसा वाढत असताना मुरवणीही घटली, तर केळीचा घड कशावर पोसायचा?

ह्या प्रश्नाला दुसरीही बाजू आहे. रानडुक्कर पीक लोळवते, बिबट्या वासरू नेतो. मुक्ताईनगर तालुक्यात डोलारखेड्याच्या परिसरात तर केळीच्या गार बागांतही वाघाचा वावर आढळला आहे. ज्याच्या बागेत वाघ शिरतो त्याला नुसता उपदेश करून भागत नाही. नुकसानभरपाई वेळेवर मिळणे, ही त्याची मागणी न्याय्यच आहे.

वाघाला मात्र मेळघाट आणि यावल ह्यांच्या दरम्यान ये-जा करण्यास वाट हवी. लहान रानातले वाघ एकाकी पडले, तर तेथून त्यांचा वंश खुंटतो. क्रूगरसारखा अफाट प्रदेश आपल्याला मिळणार नाही. आपल्याला लहान रानेच एकमेकांस जोडावी लागतील. ह्याच हेतूने मुक्ताई-भवानी हे संवर्धन राखीव क्षेत्र झाले. 2002 च्या दुरुस्तीने कायद्यात आलेल्या ह्या प्रकारात गावकऱ्यांचा सल्ला घ्यावा लागतो आणि व्यवस्थापन समितीवर ग्रामपंचायतींचे प्रतिनिधी असतात. दक्षिण आफ्रिकेच्या शेजारच्या नामिबियाने 1996 साली कायदा करून गावसमूहांना वन्य प्राण्यांपासून होणाऱ्या उत्पन्नात हक्क दिला. माणसाला लाभाचा वाटा मिळाला की तो राखणदार होतो, हे तत्त्व आपल्यालाही घेण्यासारखे आहे.

तेव्हा अभयारण्य हे केवळ वनखात्याचे काम नव्हे. शहरात राहून आपण केळी खातो, तापीकाठचे पाणी पितो आणि सागवानी दारे लावतो. ते सागवान कोठून आले, हे विचारणे एवढे तरी आपल्या हाती आहे. सातपुडा वैशाखात उघडा दिसतो, परंतु तो मेलेला नसतो. आषाढाची वाट पाहत असतो. त्या आषाढाचे पाणी डोंगराने धरून ठेवावे की सोडून द्यावे, हे मात्र आपल्या वागणुकीवर ठरणार आहे.