एका हाताचा हँगर

हँगरला रोजच्या बोलण्यातला मराठी शब्द नाही. कन्नडमध्येही नाही. आपल्याकडे खुंटी आहे, तिकडे 'गूट' आहे, दोन्हीकडे दोरी आहे, वलणी आहे. पण हँगर मात्र बेळगावच्या मराठी घरात आणि धारवाडच्या कन्नड घरात हँगरच. याचे कारण आपल्या जुन्या कपड्यांत सापडते. साडी, धोतर, उपरणे, पंचा हे सगळे न शिवलेले कपडे. त्यांना गळा नाही, खांदे नाहीत. ते दोरीवर टाकले की वाळतात आणि घडी घातली की फळीवर मावतात. माझ्या आजोळी सोवळ्याची, म्हणजे कन्नड घरातली 'मडी'ची, लुगडी आढ्याजवळच्या उंच काठीवर दुसऱ्या काठीने टाकली जात. आजी ते काम एका हाताने करायची आणि दुसऱ्या हाताने आम्हा मुलांना लांब ठेवायची.

शर्ट, झबले, कोट, गाऊन असे खांद्यांचे कपडे आले आणि त्यांच्यामागून हँगर आला. कपड्याला खांदे आहेत, तर त्याला लटकवणाऱ्या वस्तूलाही खांदे हवेत, इतका साधा हिशेब. त्याचा सर्वांत जुना पेटंट १८६९ साली अमेरिकेतल्या ओ. ए. नॉर्थ या गृहस्थाच्या नावे सांगितला जातो. तारेच्या हँगरची गोष्ट १९०३ ची. मिशिगनमधल्या एका तारकामाच्या कारखान्यात आल्बर्ट पार्कहाऊस नावाचा कामगार होता. कोट अडकवायला खुंटी मोकळी नव्हती, म्हणून त्याने हाताशी असलेली तार वाकवली, असे सांगतात. पेटंट मात्र कारखान्याकडे गेले आणि पार्कहाऊसला त्यातून काही मिळाले नाही. ही गोष्ट पुढे कामाला येणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

पावसाळा आणि गाऊन

मी माहेरची बेळगावची. चोर्ला घाट उतरून पेडणे तालुक्यातल्या मांद्रे गावी नांदायला आले, त्याला आता बरीच वर्षे झाली. बेळगावचा पाऊस मला ठाऊक होता, पण गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत, हे प्रकरण वेगळेच. आषाढात मांद्रेच्या घरांतली पडवी म्हणजे कपड्यांचे दुकान असते. दोरीवर दुमडून टाकलेला जाड कपडा दोन दिवस ओला राहतो आणि तिसऱ्या दिवशी त्याला कुबट वास येतो. कपड्याचे पुढचे आणि मागचे पदर एकमेकांपासून सुटे राहिले, मधून वारा गेला, तरच तो वाळतो. पावसाळ्यात हँगरची खरी किंमत कळते ती इथे.

चार वर्षांपूर्वी सासूबाईंच्या डाव्या अंगावरून वारे गेले. औषधोपचार वेळेवर झाले. काठी घेऊन त्या घरभर फिरू लागल्या, देवपूजा करू लागल्या. डाव्या हाताची पकड मात्र परत आली नाही. साडी सुटली आणि अंगावर गाऊन आला. इथेच पेच पडला. साडी एका हाताने दोरीवर टाकता येते. गाऊन हँगरला लावायला दोन हात लागतात. एकाने हँगर धरायचा, दुसऱ्याने गळा आणि बाही ओढायची. गोल गळ्याचा गाऊन असला तर खालून हँगर घालताना दोन हातांचाही गोंधळ उडतो. दोरीवर चिमटे लावायचे, तरी कपडा धरायला दुसरा हात हवाच.

"राहू दे आई, मी घालते की," असे आम्ही सगळेच म्हणायचो. त्या काही बोलत नसत. पण धुतलेला गाऊन बादलीत पिळून ठेवायचा आणि कोणीतरी येईल म्हणून वाट बघत बसायचे, हे त्यांना बोचत होते. आयुष्यभर घरादाराचे कपडे वाळत घातलेल्या बाईला स्वतःचा एक कपडा वाळत घालायला मुलाला किंवा सुनेला हाक मारावी लागणे, ही लहान गोष्ट नाही. फिजिओथेरपिस्ट बाईंनी आम्हाला स्पष्ट सांगितले, "त्यांना जे थोडेसे करता येईल, ते त्यांच्याकडून काढून घेऊ नका." मग मी ठरवले, आईंना एका हाताने लावता येईल असा हँगर हवा.

बाजारात काय मिळते?

घडीचे हँगर नवीन नाहीत. प्रवासात न्यायला म्हणून ते केव्हापासून मिळतात. मी तीन प्रकारचे आणले. दोन्ही पंख खाली दुमडायचे, हँगर गळ्यातून आत सोडायचा आणि पंख उघडायचे, ही कल्पना अगदी योग्य. गळा ताणला जात नाही, कपडा सैल पडत नाही. पण उघडल्यावर पंख तसेच राहावेत म्हणून त्यांना कळ असते. ती दाबायला एक हात आणि हँगर धरायला दुसरा. शिवाय ते सुक्या कपड्यांसाठी केलेले. हाताने पिळलेल्या सुती कपड्यात पाणी बरेच उरते. जाड गाऊन लावला की नाजूक कळ सुटायची आणि पंख मिटायचे.

यात एक अडचण मुळातच आहे. पंख खाली मिटत असतील, तर कपड्याचे वजनही त्यांना खालीच ओढते. म्हणजे वजन हँगरच्या विरुद्ध काम करते. पंख वर मिटणारे केले तर वजन त्यांना उघडे ठेवील, पण मग ते गळ्यातून आत जाताना अडतात. कन्नडमध्ये घडी घालण्याला 'मडचु' म्हणतात आणि 'इम्मडी' म्हणजे दुप्पट; आपण इम्मडी पुलकेशी म्हणतो तो हाच शब्द. घडीची वस्तू म्हटली की कामही असे इम्मडी होते. ती मिटायला सोपी हवी आणि उघडल्यावर पक्की हवी.

मेस्तने छत्री उघडली

आमच्या वाड्यावरच्या मेस्तला, म्हणजे सुताराला, मी हे सगळे सांगितले. तो पावसातून आला होता. त्याने दारात छत्री मिटली, पुन्हा उघडली, पुन्हा मिटली आणि म्हणाला, "वहिनी, ही बघा. हिला पण पंखच आहेत."

छत्रीत मधल्या दांड्यावर एक नळी सरकते. तिला जोडलेल्या आखूड काड्या वर जातात आणि मोठ्या काड्यांना उघडतात. मेस्तने हीच रचना हँगरला लावली. वरच्या चकतीला दोन पंख बिजागरीने जोडले. चकतीच्या भोकातून दांडा आरपार सरकतो; त्याच्या वरच्या टोकाला आकडा आणि खालच्या टोकाला पक्के बूड. बुडापासून दोन आखूड काड्या निघून पंखांना जोडल्या. आकडा वर ओढला की बूड वर येते आणि काड्या पंख उघडतात. आता कपड्याचे वजन पंखांवर येते आणि तेच वजन आकड्याला ताण देते. कळ नको, खटका नको.

पहिल्या नमुन्यात काड्या पंखांना बिजागरीच्या जवळ जोडल्या होत्या. ओला गाऊन लावला की तो हळूहळू मिटायचा. कागदावर आकृती काढून बघितल्यावर उलगडा झाला. हँगर मिटताना चकती आकड्याकडे वर सरकते आणि पंखांची टोके चकतीच्या मानाने खाली जातात. या दोन्हींची बेरीज होऊन कपडा एकंदरीत खाली येत असेल, तर वजन हँगर मिटवणार. कपडा वर उचलला जात असेल, तर हँगर मिटणार नाही. कारण वजन आपण होऊन वर चढत नाही. पंख आणि काड्या कुठे जोडल्या आहेत, यावर हे सगळे ठरते. आमचा पंख २० सेंटिमीटर लांब आहे. काडीचा जोड बिजागरीपासून १२ सेंटिमीटरवर, म्हणजे निम्म्याच्या पलीकडे नेला आणि काडीही १२ सेंटिमीटरची ठेवली. आता अगदी पंखांच्या टोकाला वजन दिले, तरी ते वजनच हँगर उघडा ठेवते. जितका कपडा जड, तितकी पकड घट्ट.

दुसरी युक्ती मेस्तची. हँगर पूर्ण सरळ मिटू द्यायचा नाही. अगदी सरळ मिटला तर उघडताना तो कुठल्या बाजूला जावे म्हणून अडून बसतो. म्हणून बिजागरीत एक लहान अडसर ठेवला. मिटल्यावरही टोके एकमेकांपासून चार-पाच बोटे लांब राहतात. गाऊनच्या गळ्यातून ती सहज जातात.

लाकूड, गंज आणि डाग

पहिले पंख मेस्तने फणसाच्या लाकडाचे केले, कारण तेच हाताशी होते. फणसाच्या गाभ्यात पिवळा रंग असतो. बौद्ध भिक्षूंची वस्त्रे रंगवायला तो पूर्वापार वापरला जाई. ओल्या पांढऱ्या गाऊनवर तोच रंग उतरला. बांबू हलका, पण पावसाळ्यात त्यावर काळी बुरशी धरते. शेवटी विजेच्या फिटिंगची जाड प्लॅस्टिक नळी घेतली. ती स्वस्त, डाग न पाडणारी आणि गोल असल्यामुळे कपड्याच्या खांद्यावर टोक येत नाही. समुद्र जवळ असल्यामुळे खारी हवा लोखंड खाते. म्हणून दांडा आणि स्क्रू स्टीलचे, काड्या ॲल्युमिनियमच्या पट्टीच्या. चकती भाजी चिरायच्या जुन्या प्लॅस्टिक पाटाची. एका हँगरला सामान सव्वाशे रुपयांचे लागले. एक उणेपण राहिलेच. उघडल्यावर दांडा वर निघतो आणि कपडा नेहमीपेक्षा जवळजवळ वीतभर खाली लोंबतो. लांब गाऊन जमिनीला टेकू नये, एवढे बघावे लागते.

वापरायची पद्धत अशी. गाऊन टेबलावर पसरायचा. मिटलेला हँगर गळ्यातून आत सरकवायचा. अंगठा चकतीवर ठेवून बोटांनी आकडा ओढायचा. पंख थोडे फाकले की ते कपड्याच्या खांद्यांत अडकतात. मग उचलायचे, उरलेले काम वजन करते. पडवीतली दांडी आम्ही सासूबाईंच्या खांद्याच्या उंचीवर आणली. काढताना पुन्हा टेबलावर ठेवून आकडा आत ढकलायचा, की हँगर मिटतो आणि गळ्यातून बाहेर येतो.

पहिल्या दिवशी सासूबाईंना पाच मिनिटे लागली. मी मदतीला हात पुढे केला, तर म्हणाल्या, "माका जमता." आठवड्याभरात त्या एका मिनिटावर आल्या.

हे कोणाचे?

एकासाठी केलेली वस्तू अनेकांच्या उपयोगी पडते, असा जगाचा अनुभव आहे. अमेरिकेत सॅम फार्बर यांनी संधिवात झालेल्या पत्नीला सोलाण्याने साल काढताना होणारा त्रास पाहिला आणि जाड, मऊ मुठीचे सोलाणे बाजारात आणले. १९९० साली निघालेल्या त्या 'ऑक्सो' कंपनीची भांडी आज धडधाकट माणसेही आवडीने घेतात. आमच्याकडेही तसेच झाले. कडेवर मूल असलेल्या शेजारणीने हँगर मागून नेला. किनाऱ्याकडे खोल्या भाड्याने देणाऱ्या एका गृहस्थांनी "वीस करून द्या" म्हटले. मग कोणीतरी पेटंटचे सुचवले.

मी चौकशी केली. आपल्याकडे पेटंट २० वर्षांचे असते. मांद्रेचा अर्ज मुंबईच्या कार्यालयाकडे जातो आणि माझ्या माहेरचा, म्हणजे कर्नाटकातला, चेन्नईकडे. आता तो ऑनलाइन भरता येतो. एकट्या व्यक्तीला अर्जाचे शुल्क १६०० रुपये आहे, तपासणीचे वेगळे. पण वस्तू नवीन असली पाहिजे, आणि घडीच्या हँगरचे पेटंट परदेशात गेल्या शतकापासून निघत आले आहेत. शिवाय अर्जाआधी युक्ती वर्तमानपत्रात छापून आली, तर सर्वसाधारणपणे तिचे नावीन्य संपते.

हे मी मेस्तला सांगितले. पार्कहाऊसची गोष्टही सांगितली. त्याचबरोबर जयपूर फूटचीही सांगितली. १९६८ साली रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी मिळून तो कृत्रिम पाय घडवला. त्याचे पेटंट घेतले नाही, म्हणून तो देशोदेशी तयार होऊ शकला. आणि कारागिराचे नाव डॉक्टरांबरोबर घेतले जाते. मेस्त थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "छापा वहिनी. मापे नीट छापा, म्हणजे दुसऱ्या मेस्तला जमेल. माझे नाव मात्र नको, लोक मोडक्या छत्र्या घेऊन येतील." वीस हँगरचे काम त्याच्याकडेच आहे आणि मजुरीही त्यानेच ठरवली आहे.

तेव्हा वाचकहो, हा लेख छापून आला की ही युक्ती तुमची आमची सर्वांची. मापे वर दिली आहेत: पंख २०, जोड १२, काडी १२ सेंटिमीटर. लहान मुलांच्या कपड्यांसाठी पंख १४ आणि जोड व काडी साडेआठ सेंटिमीटर धरा. एवढे एक लक्षात ठेवा, जोड निम्म्याच्या पलीकडेच हवा. तुमच्या घरात वारे गेलेले, हात मोडलेले किंवा खांदा आखडलेले कोणी असेल, तर कात्रण काढून जवळच्या सुताराकडे जा. आणि हँगर तयार झाला की तो त्यांच्या हातात द्या. कपडा त्यांनाच लावू द्या. वेळ लागला तरी चालेल.