शनिवारी दहाला येऊ शकाल?

इंटरव्ह्यूचा फोन नेमका गुरुवारी संध्याकाळीच का येतो, कुणास ठाऊक! अप्लाय करून आपण विसरूनही गेलेलो असतो आणि अचानक पुण्याहून एक गोड आवाज विचारतो, ‘शनिवारी सकाळी दहाला येऊ शकाल?’ आपण ‘येस मॅम, शुअर’ म्हणून मोकळे. फोन ठेवला की पोटात गोळा!

मग पुढचा कार्यक्रम ठरलेला. ‘टॉप फिफ्टी इंटरव्ह्यू क्वेश्चन्स’चा सर्च, चार पीडीएफ डाउनलोड, दोन मित्रांना ‘भावा, काय विचारतात रे?’ असा मेसेज आणि रात्री एकपर्यंत व्हिडिओ. मला विचाराल तर ही तयारी नाहीच, हे टेन्शनला घातलेलं खतपाणी. पन्नास उत्तरं वाचून होतात, त्यातलं आपलं एकही नसतं.

गेल्या वर्षी मला असा फोन आला. मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत क्वालिटी बघते. इंटरव्ह्यू होता चाकणला, गाड्यांचे पार्ट डिझाइन करणाऱ्या कंपनीत. गुरुवारी संध्याकाळी सहा ते शनिवारी सकाळी दहा म्हणजे ४० तास. ऐकायला भरपूर! पण त्यातून शुक्रवारचं ऑफिस वजा करा, झोप, प्रवास, जेवण आणि इस्त्री वजा करा... हातात उरले जेमतेम सहा. (शनिवारच्या सुट्टीचं कारण मावसभावाचा साखरपुडा. आमच्या ऑफिसात वर्षभरात इतक्या मावसभावांचे साखरपुडे होतात की साहेबही आता फक्त ‘पेढे आणा’ म्हणतात.)

सहा तासांत नवीन काही शिकता येत नाही, हे एकदा मान्य केलं की डोकं निम्मं हलकं होतं. आपण केलेलं काम नीट सांगता येणं, एवढं मात्र जमू शकतं. आणि ते वाचून जमत नाही, बोलूनच जमतं.

हा माझा फंडा नाही, त्यामागे चक्क प्रयोग आहे. अमेरिकेतल्या हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली तो प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. काहींनी ते पुन्हा पुन्हा वाचले, काहींनी एकदा वाचून कागद बाजूला ठेवला आणि आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे. पण दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतली, तेव्हा आठवून लिहिणारे सरस! आपल्यालाही नेमके दोन दिवसच तर मिळालेले असतात.

म्हणून गुरुवारी रात्री मी पीडीएफ बंद केली आणि रंकाळ्यावर गेले. कानात हेडफोन. एकट्यानं मोठ्यानं बोलत चालायला ही बेस्ट जागा, लोकांना वाटतं फोनवर बोलतेय. पहिल्या फेरीत ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ साडेचार मिनिटं चाललं. तिसऱ्या वेळी दीड मिनिटावर आलं.

सगळ्यात जास्त वेळ दिला तो एका किश्शाला. कुठल्याही इंटरव्ह्यूत ‘एखादा प्रॉब्लेम सोडवलात का?’ हे येतंच. परिस्थिती काय होती, माझ्यावर काय जबाबदारी होती, मी काय केलं, निकाल काय लागला, या चार पायऱ्यांत ते बसवायचं. माझा किस्सा पावसाळ्यातला. कोल्हापूरचा पाऊस तुम्हाला माहीत आहेच. त्या जुलैत आमच्या कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे आत वायू अडकून झालेल्या पोकळ्या, एकदम वाढल्या. रिजेक्शन सहा टक्क्यांवर. सगळे भट्टीकडे बोट दाखवत होते. मी मोल्डिंगच्या वाळूचा ओलावा दर दोन तासांनी मोजायला लावला. दुपारच्या शिफ्टला तो वर जायचा, कारण नवी वाळू शेडच्या उघड्या कडेला पडून भिजत होती. वाळू हलवली, रिजेक्शन चारवर आलं. ‘आय ॲम अ प्रॉब्लेम सॉल्व्हर’ म्हणण्यापेक्षा ही ओली वाळू कितीतरी भारी बोलते.

कंपनीची माहिती काढायला एक तास पुरे. लिस्टेड कंपनी असेल तर वार्षिक अहवालातलं अध्यक्षांचं निवेदन आणि ‘मॅनेजमेंट डिस्कशन’ तेवढं वाचा, धंदा कुठं वाढतोय आणि कशाची भीती आहे ते कळतं. नसेल तर कोल्हापुरी पद्धत: ओळख काढा. तिथं कुणाचा तरी मेव्हणा असतोच! पगाराचा आकडाही आधीच ठरवा, आणि हातात येणारी रक्कम धरून ठरवा. सीटीसीत बहुतेक ठिकाणी कंपनीचा पीएफचा वाटाही मोजलेला असतो.

शुक्रवारी रात्री बॅग भरून जेवायला बसले. बाबांची हयात उद्यमनगरात लेथवर गेली. मी म्हटलं, ‘बाबा, तुम्ही साहेब व्हा, मला प्रश्न विचारा.’ त्यांनी भाकरी मोडता मोडता एकच विचारला, ‘कोल्हापूर सोडून का चाललीस?’

मी पाठ केलेलं म्हणून दाखवलं. करिअर ग्रोथ, एक्स्पोजर, लर्निंग वगैरे.

‘हे कागदावरचं झालं. तुझं सांग की.’

मी बराच वेळ गप्प. आई उगाच आमटी वाढत राहिली. मग जे आलं ते असं: ‘आपण कास्टिंग बनवतो, पण ड्रॉइंग तिकडून येतं. पार्टची जाडी कुठं किती, हे तिकडं ठरतं आणि रिजेक्शन इथं मोजतात. मला एकदा ते ठरतं त्या टेबलावर बसायचंय.’

बाबा काही बोलले नाहीत. ताट घेऊन उठले.

प्रवासाचं म्हणाल तर दहाचा इंटरव्ह्यू गाठणं कोल्हापूरकरांसाठी वेगळाच पेपर. महालक्ष्मी एक्स्प्रेस पुण्यात अडनिड्या रात्री उतरवते, सप्टेंबर २०२४ पासूनची वंदे भारत दुपारी पोचते. त्यामुळे रात्रीची स्लीपर, पहाटे वाकडला उतरून मैत्रिणीच्या रूमवर अंघोळ. ड्रेस हँगरवरच नेला.

लॉबीत हात गार पडले होते. ॲलिसन वूड ब्रुक्स या हार्वर्डच्या संशोधिकेचं २०१४ सालचं एक काम माझ्या आवडीचं आहे. धडधड होत असताना ‘शांत हो’ म्हणण्यापेक्षा ‘मजा येणार आहे’ म्हणणारे भाषणात बरे ठरले. मी पुटपुटले, ‘नाद खुळा होणार आज.’ शेजारचा टायवाला दचकला.

पॅनेलवर तिघं. ओल्या वाळूवर दहा मिनिटं गेली. मग मधल्या मॅडमनी मराठीतच विचारलं, ‘कोल्हापूर का सोडताय?’ रात्रीचंच उत्तर दिलं, तेवढंच. त्यांनी टेबलावरचं एक ड्रॉइंग माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाल्या, ‘यात ब्लोहोल कुठं येईल, दाखवा.’

ऑफर तीन आठवड्यांनी आली. बाबांनी लेटर दोनदा वाचलं, घडी करून परत दिलं आणि विचारलं, ‘वाकडला एका खोलीचं भाडं किती म्हणालीस?’