स्वतंत्र अनुबोधपट आणि त्याचे स्वामित्व : फ्रेडरिक वाइझमन यांच्या कार्याचा विचार

अनुबोधपटाच्या चर्चेत ‘स्वतंत्र’ हे विशेषण आपण पुष्कळदा सैलपणे वापरतो. शासनाची अथवा एखाद्या मोठ्या चित्रसंस्थेची चाकरी न पत्करता चित्र काढणारा तो स्वतंत्र, एवढाच त्याचा अर्थ घेतला जातो. परंतु चित्र काढण्याचे स्वातंत्र्य आणि काढलेले चित्र लोकांपुढे ठेवण्याचे स्वातंत्र्य या दोन भिन्न गोष्टी होत. अमेरिकन अनुबोधपटकार फ्रेडरिक वाइझमन यांच्या कार्यात हा भेद विशेष स्पष्टपणे दिसून येतो.

वाइझमन यांचा जन्म १९३० साली बॉस्टन येथे झाला. येल विद्यापीठाची कायद्याची पदवी घेतल्यानंतर पुढे ते बॉस्टन विद्यापीठात कायदा शिकवू लागले. न्यायालय ज्यांना बंदिवासात धाडते त्यांचे पुढे काय होते, हे विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष पाहावे म्हणून ते त्यांना ब्रिजवॉटर येथील मनोरुग्ण कैद्यांच्या सरकारी संस्थेत नेत. याच संस्थेत १९६६ साली चित्रीकरण करून त्यांनी ‘टिटिकट फॉलीज’ (१९६७) हा आपला पहिला अनुबोधपट सिद्ध केला. विवस्त्र ठेवलेले कैदी, त्यांची पहारेकऱ्यांकडून होणारी टवाळी, अन्न नाकारणाऱ्या रुग्णाच्या पोटात नळीने बळेच घातलेले अन्न, ही दृश्ये त्यात कोणत्याही निवेदनावाचून येतात.

मॅसॅच्युसेट्स राज्याने या चित्राविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. कैद्यांच्या खाजगी जीवनावर अतिक्रमण झाले आणि परवानगीच्या वेळी झालेला तोंडी करार मोडला गेला, असे दोन मुख्य आक्षेप होते. १९६८ साली न्यायाधीशांनी चित्राच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. १९६९ साली वरिष्ठ न्यायालयाने तो सौम्य करून डॉक्टर, वकील, समाजसेवक व त्या त्या विषयांचे विद्यार्थी यांच्यापुरते प्रदर्शन मोकळे केले. सर्वसामान्य प्रेक्षकांवरील बंदी उठण्यास १९९१ साल उजाडावे लागले.

या वादाकडे एकाच बाजूने पाहणे योग्य नव्हे. राज्याला आपली अब्रू झाकावयाची होती, असे म्हणता येईल. तथापि ज्याला स्वतःच्या संमतीचा अर्थ उमगत नाही अशा रुग्णाची विटंबना पडद्यावर दाखविण्याचा अधिकार कोणास, हा प्रश्न तेवढ्याने निकालात निघत नाही. त्याचबरोबर, ज्या कैद्यांच्या प्रतिष्ठेच्या नावाने बंदी आली त्यांची दैन्यावस्थाही त्या बंदीमुळे जनतेच्या दृष्टीआड राहिली, हे विसरता येत नाही.

१९७१ साली वाइझमन यांनी ‘झिपोरा फिल्म्स’ ही संस्था स्थापन करून आपल्या चित्रांचे वितरण स्वतःकडे घेतले. संस्थेला नाव दिले ते पत्नीचे. सोळा मिलिमीटर प्रती महाविद्यालये व ग्रंथालये यांना विकत वा भाड्याने देणे हा तिचा मुख्य व्यवहार होता. चित्रगृहांच्या मानाने हा बाजार लहान. पण तो टिकाऊ होता, कारण अध्यापनास उपयोगी पडणारे चित्र वर्षानुवर्षे मागविले जाते. निर्मितीच्या खर्चाला सार्वजनिक दूरचित्रवाणीचे साहाय्य लाभले.

या व्यवस्थेचा परिणाम कलेवरही झाला. निवेदन नाही, मुलाखत नाही, वरून जोडलेले संगीत नाही, हा त्यांचा नेम. सोबत एक छायालेखक व एक साहाय्यक. ध्वनिमुद्रण ते स्वतः करीत. काही आठवड्यांत साधारणपणे शंभर तासांचे चित्रण होई आणि त्याच्या संकलनात बहुधा वर्ष जाई. लांबी विषयानुसार ठरे. मरणासन्न रुग्णांविषयीचा ‘निअर डेथ’ (१९८९) सुमारे सहा तासांचा आहे. रुग्णालय, शाळा, बालन्यायालय, ग्रंथालय, नगरपालिका अशा संस्थांवर त्यांनी चाळीसांहून अधिक अनुबोधपट काढले. २०१६ साली त्यांना सन्माननीय ऑस्कर देण्यात आले.

या कार्याचा अभ्यास करताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. चित्र स्वतःचे, वितरण स्वतःचे, म्हणजे उत्तरदायित्वही सर्वस्वी स्वतःचे. कापलेल्या वा ठेवलेल्या दृश्याचा दोष निर्मात्यावर किंवा वितरकावर ढकलण्याची सोय येथे उरत नाही. ‘टिटिकट फॉलीज’ने उभा केलेला संमतीचा प्रश्न स्वामित्वाने सुटला नाही, त्याचे उत्तर कोणी द्यावयाचे, एवढे मात्र निश्चित झाले.