सगळ्या घराने पाहावी अशी वायनरी

मुदखेडहून नाशिकला जाताना गाडी बदलावी लागत नाही. देवगिरी आणि नंदीग्राम दोन्ही नांदेड, परभणी, जालना, मनमाड करत नाशिकरोडला पोचतात. नांदेडपर्यंत जाण्याची तयारी असेल, तर सकाळची तपोवन संध्याकाळी नाशिकला आणून सोडते. लहान मुले आणि म्हातारी माणसे बरोबर असतील तर ही दिवसाची गाडीच धरावी. देवगिरीने गेलात तर पहाटेच्या आतच नाशिकरोडला उतरावे लागते, आणि अशा अवेळी सगळे घर फलाटावर बसवून ठेवण्यात अर्थ नाही.

आपल्याकडून नाशिकला माणसे जातात ती बहुधा देवासाठी. रामकुंड, काळाराम, त्र्यंबकेश्वर, जमल्यास वणीची देवी. याच यात्रेला आता द्राक्षबाग आणि वायनरी जोडता येते. पण त्यावर घरात पहिला प्रश्न येतो, ‘आई माळकरी आहे, तिला कुठे न्यायचे?’ माझे स्पष्ट मत आहे की तिलाही न्यावे. वायनरी ही आधी शेती आहे, मग कारखाना, आणि ग्लास सगळ्यात शेवटी. सहल या क्रमाने आखली, तर माळ घातलेल्या माणसालाही संकोच वाटण्याचे कारण उरत नाही. बाग आणि टाक्या सगळ्यांनी मिळून पाहाव्यात. चव घेण्याच्या खोलीत ज्यांना जायचे ते जातील, बाकीचे जेवायला बसतील. आरक्षण करतानाच चव घेणारे किती आणि नुसते पाहणारे किती हे सांगून ठेवावे. कायद्याने वयाची अट आहे, त्यामुळे मुलांना ग्लास मिळत नाही. त्यांच्यासाठी द्राक्षरस आहे का, तेही विचारून घ्यावे.

नाशिकची वाइन फार जुनी नाही. राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून घरच्या जमिनीवर आले, आंबा आणि खायची द्राक्षे करून पाहिली, आणि मग वाइनच्या द्राक्षांकडे वळले. त्यांच्या ‘सुला’ वायनरीची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. त्याआधी १९८०च्या दशकात नारायणगावला श्यामराव चौगुले यांनी फसफसणारी वाइन करून परदेशी पाठवली होती. २००१ मध्ये राज्याने द्राक्षप्रक्रियेचे धोरण आणले, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क ठरले, आणि पुढच्या काही वर्षांत नाशिक जिल्ह्यात वायनऱ्या झपाट्याने वाढल्या.

या वायनऱ्या तीन दिशांना पांगलेल्या आहेत. शहरापासून जवळच्या म्हणजे गंगापूर धरणाकडच्या: सुला, यॉर्क, सोमा. इगतपुरीच्या बाजूला व्हॅलोने आणि ग्रोव्हर झाम्पा. उत्तरेला दिंडोरीत फसफसणाऱ्या वाइनची शँडन. एका दिवशी एकच दिशा घ्यावी आणि दोनाहून जास्त वायनऱ्या करू नयेत. तिसऱ्या ठिकाणी जीभ थकलेली असते आणि मुले कंटाळलेली. दिंडोरी वणीच्या रस्त्यावर आहे, म्हणून देवीचे दर्शन आणि तिकडची भेट एका दिवसात बसते. गंगापूरची बाजू त्र्यंबकेश्वरला जोडता येते.

बागेत गेल्यावर मात्र घाई करू नये, कारण मराठवाड्यातल्या माणसाला खरे पाहण्यासारखे इथेच आहे. फुले, केळी, हळद करणाऱ्या शेतकऱ्याच्या डोळ्याला फरक लगेच दिसतो. खायच्या द्राक्षाचा मणी लांबट आणि टपोरा व्हावा म्हणून घड जिब्रेलिक ॲसिडमध्ये बुडवतात. वाइनच्या द्राक्षाला तो खर्चच नाही. मणी लहान, साल जाड, आत बिया, आणि हे सगळे हवेच असते. लाल वाइनला रंग आणि तुरटपणा सालीतूनच येतो. उलट मुद्दाम काही घड काढून टाकतात, म्हणजे उरलेल्यात गोडी भरते. साखर साधारण २२ ते २४ ब्रिक्सला आली की तोडणी. वर्षात छाटण्या दोन, एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी, पण पीक एकच. कंपनीशी करार करून वाइनची द्राक्षे पिकवणारे शेतकरीही या भागात आहेत. भाव कसा ठरतो आणि गोडी कमी भरली तर काय होते, हे दोन प्रश्न तिथे जरूर विचारावेत.

आत टाक्यांपाशी गोष्ट सोपी आहे. पांढऱ्या वाइनसाठी आधी रस काढतात आणि मग आंबवतात. लालसाठी सालीसकट आंबवतात. यीस्ट साखर खाते, तिचा मद्यार्क होतो. टाक्या गार ठेवाव्या लागतात, नाहीतर वास उडून जातो. शाळेतल्या मुलांना विज्ञानाच्या पुस्तकातले किण्वन इथे समोर दिसते.

गंगापूरच्या बाजूच्या बागेतून धरणाचे पाणी दिसते. ही आपलीच गोदावरी. त्र्यंबकला उगम, मग हे धरण, पैठणला जायकवाडी, नांदेडला विष्णुपुरी. पाऊस कमी झाला की वरच्या धरणांतून जायकवाडीत किती सोडायचे यावर दर वेळी भांडण पेटते; २००५च्या जलनियमन कायद्याने समन्यायी वाटपाची तरतूद केली तरी ते थांबलेले नाही. ठिबकवरच्या या बागांना उसापेक्षा पुष्कळ कमी पाणी लागते, हेही खरे. खालच्या अंगाला राहणाऱ्याने वरचे पाणी कशाला जाते ते एकदा स्वतः पाहावे, असे मला मनापासून वाटते.

चव घेताना हलक्या पांढऱ्यापासून सुरुवात करून लाल आणि शेवटी गोड असा क्रम असतो. प्रत्येक घोट गिळलाच पाहिजे असे नाही, थुंकायला भांडे ठेवलेले असते आणि त्यात कमीपणा नाही. गाडी चालवणाऱ्याने मात्र ग्लास हातात घेऊच नये. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क सापडला तर पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. नाशिकहून चालकासह गाडी भाड्याने घेणे हेच शहाणपणाचे.

लातूरकडच्यांना अकलूजची वायनरी जवळ पडते. माळशिरस तालुक्यातली फ्रातेल्ली ही मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेक्की या तीन घरांनी मिळून उभी केली. तुळजापूर, पंढरपूर आणि मग अकलूज अशी वाट धरली, तर माळकरी आईचाही प्रवास सार्थकी लागतो. तिथे आधी ठरवून जावे. आषाढी एकादशीचे दिवस टाळावेत. तेव्हा पंढरपूरला उभे राहायला जागा नसते, आणि एकादशीला दारूबंदीही असते.

नाशिकला जायचे तर जानेवारी ते मार्च, तोडणीच्या दिवसांत. पावसाळ्यात डोंगर देखणे असतात, पण वेलीवर घड नसतात. २६ जानेवारीची जोडून आलेली सुट्टी मोहात पाडते, पण त्या दिवशी वाइन मिळत नाही. २०२७ मध्ये सिंहस्थाच्या पर्वण्यांना राहायची सोय होणे अवघड, त्या तारखा बघूनच बेत करावा. रेल्वेचे आरक्षण आता ६० दिवस आधी उघडते. म्हणजे जानेवारीच्या तिकिटांसाठी दिवाळीचा फराळ संपता संपताच तारीख ठरवायला हवी, आणि खालचे बर्थ आधी आईसाठी मागून घ्यायला हवेत.