पडली की पाडली?

करी रोड स्टेशनातून बाहेर पडल्यावर जे काचेचे मनोरे दिसतात, तिथे पूर्वी काय होते असे कोणालाही विचारले तर बहुधा एकच उत्तर मिळते: ‘इथे गिरणी होती, संपात बंद पडली.’ वाक्य इतके रुळले आहे की त्यात दडलेला निवाडा ऐकूच येत नाही. ‘संपात’ म्हटले की कारण कामगाराच्या खात्यावर जमा होते, आणि ‘पडली’ म्हटले की गिरणी बंद करणारा कोणी उरत नाही. जुने घड्याळ बंद पडावे तशी गिरणी बंद पडते. अशांततेच्या शब्दांवरून आपल्याकडे वाद झाले ते सगळे नामांवरून. १८५७ चे ते बंड की स्वातंत्र्यसमर? १९४६ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या नाविकांनी केले ते बंड की उठाव? हे वाद महत्त्वाचे होते, पण दोष कोणाचा हे वाक्यात ठरते ते बहुधा क्रियापदाने, आणि तिकडे कोणी फिरकत नाही.

गिरणी संपाचेच पाहू. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी काम थांबवले. पगारवाढ हवी होती, बदली कामगारांना कायम करून हवे होते, आणि १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा जायला हवा होता. त्या कायद्याने मालकांशी बोलण्याचा अधिकार फक्त प्रातिनिधिक संघटनेला, म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघाला दिला होता. सामंतांच्या मागे गिरणगाव उभे असले तरी कायद्याच्या लेखी संप बेकायदाच ठरला. इथवर ‘संप’ हा शब्द चोख आहे. काम कामगारांनी थांबवले आणि ते त्यांनी कधी नाकारले नाही. प्रश्न पुढचा आहे. तेव्हाचा औद्योगिक विवाद कायदा संप, टाळेबंदी आणि कारखाना कायमचा बंद करणे या तीन गोष्टी वेगळ्या मानत होता. पहिली कामगार करतो, उरलेल्या दोन मालक करतो. ऑक्टोबर १९८३ मध्ये केंद्र सरकारने मुंबईतल्या १३ गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले. बऱ्याच गिरण्या कमी माणसांवर पुन्हा सुरू झाल्या, काही तर नव्वदीच्या दशकातही धापा टाकत चालत होत्या. मग १९९१ ची विकास नियंत्रण नियमावली आली. तिच्या ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनी विकासासाठी खुल्या केल्या, आणि २००१ च्या दुरुस्तीने शहराच्या व घरांच्या वाट्याला येणारी जमीन आणखी आक्रसली. कापडापेक्षा जमीन महाग झाल्यावर गिरणी चालवायची कशाला? यातला प्रत्येक निर्णय कोणीतरी कागदावर सही करून घेतला आहे. तरीही वीस वर्षांचा हा सगळा व्यवहार आपण एका ‘संपात’ कोंबतो.

मराठी इथे दुबळी आहे असे मुळीच नाही. पडणे-पाडणे, फुटणे-फोडणे, पेटणे-पेटवणे, जळणे-जाळणे, मरणे-मारणे अशा जोड्या ती हाती देते. संप फुटला की फोडला, या एवढ्याशा फरकात कामगार चळवळीचा अर्धा इतिहास येतो. पण अशांततेची वेळ आली की लिहिणारे हमखास जोडीतले पहिले क्रियापद उचलतात. आंदोलन ‘चिघळते’, त्याला हिंसक वळण ‘लागते’, गोळीबार ‘होतो’, माणसे ठार ‘होतात’. दंगल तर ‘उसळते’ किंवा ‘भडकते’, जणू समुद्र किंवा वणवा. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत ९०० माणसे गेली. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाला काही वर्षे साक्षी घेऊन, एकेका पोलीस ठाण्याची हद्द धरून, कोणी काय केले ते शोधावे लागले. ‘दंगल उसळली’ या दोन शब्दांत जे मावले नव्हते ते भरून काढायला अख्खा आयोग लागला!

शब्द निवडण्यातही सत्ता असते, हे खरेच. १८ ऑगस्ट १९८२ ला, म्हणजे गिरणी संप चालू असतानाच, मुंबईचे पोलीस शिपाई रस्त्यावर उतरले आणि शहरात लष्कर बोलवावे लागले. त्याला कोणी ‘पोलिसांचा संप’ म्हणतात, कोणी ‘पोलिसांचे बंड’. पहिल्यात मागणी दिसते, दुसऱ्यात गुन्हा. पण नामाची बदनामी धुऊन निघू शकते. नाविकांच्या १९४६ च्या लढ्याला आजही आपण अभिमानाने बंडच म्हणतो. क्रियापदाने पुसलेला कर्ता मात्र सहसा परत येत नाही.

यावर कोणी म्हणेल, पाऊस पडतो, भूक लागते, मराठीची घडणच अशी, त्यात कट कसला? कट नाहीच. ‘गिरणी बंद पडली’ हे खुद्द कामगारही म्हणत आले आहेत, आणि त्यांच्या बाजूने ते खोटे नाही, कारण बंद करायचे ठरवताना त्यांना कोणी विचारले नव्हते. पण भूक लागायला कोणाची सही लागत नाही, गिरणी बंद करायला लागते. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: चौकशीआधी वार्ताहराने दोषी कसा ठरवावा? ठरवू नयेच. पहिल्या दिवशी ‘दंगल उसळली’ ही सावधगिरी असते. अहवाल येऊन, कागद उघडे होऊन वर्षे लोटल्यावरही तेच लिहिले तर तो आळस आहे, आणि त्या आळसाचा फायदा नेहमी सही करणाऱ्यालाच होतो.

सरकारी कागदाने निदान एके ठिकाणी हा आळस केलेला नाही. म्हाडातर्फे गिरणी कामगारांना घरे देताना पात्रतेसाठी तारीख धरली ती १ जानेवारी १९८२. संपाच्या सतरा दिवस आधीची. त्या दिवशी जो कामावर होता तो, पुढे संपावर गेला असला तरी, या योजनेच्या लेखी गिरणी कामगारच आहे.