घाटात ताफा नेण्यापूर्वी

पाऊस ओसरू लागला की गोव्यातील दुचाकीस्वारांना घाट खुणावू लागतात. पहाटे साखळीला जमून केरीवरून चोर्ला चढायचा आणि कणकुंबी, जांबोटीमार्गे बेळगाव गाठायचे. किंवा मोलेहून अनमोड, नाही तर बांदा-सावंतवाडीवरून आंबोली. अशा सहलीची आखणी करताना न्याहारी कुठे आणि मुक्काम कुठे, याची चर्चा पुष्कळ होते. वाहनांचा विषय मात्र ‘ज्याने त्याने आपली गाडी सर्व्हिसिंग करून आणावी’ एवढ्यावरच संपतो. एकट्याच्या प्रवासाला तेवढे पुरेही. दहा जणांच्या ताफ्याला पुरत नाही. एक गाडी बंद पडली की दहाही थांबतात, आणि अरुंद वळणावर खोळंबलेला ताफा पाठीमागून येणाऱ्या ट्रकसाठी व स्वतःसाठीही धोकाच असतो. म्हणून ताफ्यातील सर्वांत अशक्त गाडी कोणती, हे निघण्यापूर्वी सर्वांना ठाऊक असले पाहिजे.

त्यासाठी सर्व गाड्या किमान आठवडाभर आधी एकदा एकत्र आणाव्यात. आदल्या संध्याकाळी गॅरेजमधून गाडी आणून पहाटे घाटाला लागणे ही आपल्याकडची सर्रास रीत; पण ती चुकीची आहे. नवे ब्रेक पॅड डिस्कवर नीट बसायला काही अंतर जावे लागते. नव्या टायरचा पृष्ठभागही सुरुवातीला गुळगुळीत असतो आणि पहिले शंभरेक किलोमीटर तो बेताने चालवावा लागतो. शिवाय मेकॅनिकच्या हातून एखादा नट सैल राहिला असेल, तर तो पणजी-म्हापसा फेरीत लक्षात आलेला बरा.

टायरची नक्षी किती झिजली हे अंदाजाने ठरवू नये. खाचांच्या तळाशी झीज दाखवणारे छोटे उंचवटे असतात. नक्षी त्यांच्या पातळीला आली की टायर बदलायचा. बाजूच्या भिंतीवर कोरलेले चार अंक उत्पादनाचा आठवडा व वर्ष सांगतात. ‘२३२१’ म्हणजे २०२१ सालातील तेविसावा आठवडा. कमी फिरलेली, अंगणात उभी असलेली गाडी नक्षीने नवी दिसते, पण रबर कडक होऊन त्याला बारीक भेगा पडलेल्या असू शकतात. हवा टायर थंड असताना भरावी. मागे माणूस बसणार असेल तर मागच्या चाकात हवा जास्त लागते. किती, ते गाडीवरील स्टिकरवर किंवा पुस्तिकेत दिलेले असते.

सर्वाधिक लक्ष द्यायचे ते ब्रेककडे. गोव्यातून जाताना आपण घाट चढतो आणि परतताना उतरतो, म्हणजे ब्रेकची खरी परीक्षा संध्याकाळी, स्वार थकलेला असताना होते. डिस्क ब्रेकमधील ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शिरलेल्या ऑइलसाठी हीच किमान मर्यादा १५५ अंशांची आहे. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून ते उकळले तर त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर मऊ पडून थेट हँडलला टेकते. दोन वर्षांत ऑइल बदलले नसेल तर सहलीपूर्वी ते बदलावे, आणि कित्येक महिने उघड्या राहिलेल्या डब्यातले न घेता सीलबंद डबा समोर फोडायला लावावा. ड्रम ब्रेकची गोष्ट वेगळी. तापलेला ड्रम प्रसरण पावून ब्रेक शूपासून दूर जातो, त्यामुळे पायाखालचा पेडल नेहमीपेक्षा खोल दाबावा लागतो.

यावर उपाय म्हणजे इंजिनाचा रोध वापरणे. ज्या गिअरमध्ये चढ चढलो त्याच गिअरमध्ये उतार उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम आजही खरा आहे. गोव्यातल्या ताफ्यात मात्र दोन-तीन स्कूटर हमखास असतात. त्यांना हा रोध मुळातच कमी मिळतो आणि वेग बराच उतरला की क्लच सुटून तोही नाहीसा होतो. त्यामुळे उतारावर स्कूटरवाल्यांनी वेग आधीपासूनच कमी राखावा, दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबून सोडावेत आणि ताफ्याने त्यांच्यासाठी अधूनमधून थांबावे. पेट्रोल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून उतरणारे महाभाग अजूनही भेटतात. त्यांना ताफ्यात न घेतलेलेच बरे. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले आहे. त्याआधीच्या अनेक गाड्यांना ते नाही. ओल्या रस्त्यावर या दोन्ही प्रकारच्या गाड्या सारख्या थांबत नाहीत, हे लक्षात घेऊन दोन गाड्यांतील अंतर ठरवावे.

चेन तपासताना एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. मागे माणूस आणि सामान चढल्यावर शॉकअॅब्सॉर्बर दबतो आणि चेन आणखी ताणली जाते. म्हणून ‘घट्ट म्हणजे चांगली’ हा समज सोडून पुस्तिकेत दिलेला सैलपणा राखावा. वंगण चेन कोमट असताना लावावे. समुद्राच्या खाऱ्या हवेत केबलींनाही गंज चढतो. क्लच केबल लिव्हरजवळच्या टोकाला तारा सुटून तुटते, तेव्हा तेथे नीट पाहावे. मागे भार वाढला की हेडलाइटचा झोत वर जातो, तोही खाली करून घ्यावा.

पंक्चरचे साहित्य प्रत्येकाने आणावे असे ठरते आणि दहाही जण ट्यूबलेस टायरचा तोच संच घेऊन येतात. तारांच्या चाकांच्या बुलेटमध्ये बहुधा ट्यूब असते आणि तिथे तो संच निरुपयोगी ठरतो. तिच्यासाठी योग्य मापाची ट्यूब, टायर काढण्याच्या पट्ट्या, पंप आणि मागच्या चाकाच्या नटाला बसणारा पाना हवा. कोणाकडे काय आहे याची एकच यादी करावी. सोबत मोटार असेल तर जड सामान, पाणी, प्रथमोपचार पेटी तिच्यात ठेवून ती सर्वांत शेवटी चालवावी. तिच्या स्टेपनीतली हवा मात्र कोणीतरी आठवणीने पाहावी.

पेट्रोलचे थांबे लहान टाकीवरून ठरतात. अॅक्टिव्हाच्या टाकीत सव्वापाच लिटरच्या आसपास पेट्रोल मावते, तर क्लासिक ३५० मध्ये १३ लिटर. बुलेटवाल्याला तहान नसली तरी स्कूटरसाठी थांबावेच लागेल.

राज्याची सीमा ओलांडायची असल्याने परवाना, नोंदणी, विमा आणि प्रदूषण प्रमाणपत्र यांच्या मुदती पाहून घ्याव्यात. डिजिलॉकरमधील कागदपत्रे ग्राह्य धरली जातात. कायद्याने हेल्मेट मागे बसणाऱ्यालाही बंधनकारक आहे, आणि ते आयएसआय चिन्हाचेच असावे. बाहेरगावचे मित्र काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेली भाड्याची दुचाकी घेऊन ताफ्यात सामील होणार असतील, तर ती गोव्याबाहेर नेण्याची मुभा करारात आहे का, हे आधीच विचारावे.

निघाल्यावर पहिला थांबा चहासाठी नसून तपासणीसाठी असावा. तीसेक किलोमीटरमध्ये सामानाच्या दोऱ्या सैल पडतात, ऑइल गळत असेल तर डाग दिसतो, घासणारा ब्रेक अवाजवी तापलेला असतो. पणजीहून चोर्ल्याला जाणाऱ्यांसाठी साखळी ही त्यासाठी सोयीची जागा आहे. गाडी परत पाठवायची झाली तरी तिथून घर जवळ असते.